झाड अठ्ठ्याऐंशी, फांदी तीन

गिरणाऱ्याच्या अलीकडे, धरणावरचा वारा जिथे
शेडनेटला पोट आणतो,
तिथल्या वीस गुंठ्यांत
मी खात्यातर्फे टोमॅटो मोजले.

झाडाला क्रमांक, फांदीला क्रमांक,
फळाला दोऱ्याने चिठ्ठी,
सिव्हिलमध्ये बाळाच्या मनगटाला बांधतात तशी.

परवान्यात लिहिलं होतं :
दोनशे मीटरच्या आत दुसरा टोमॅटो नको.
बूट धुऊन बाहेर पडा.
चाखू नका.
शेवटी सगळं जाळा, राख पुरा, खड्ड्याचा फोटो जोडा.
मधमाश्यांबद्दल एक अख्खं पान होतं.
ते त्यांनी वाचलं की नाही
हे नोंदवायला रकाना नव्हता.

अनुसयाबाई गांगुर्डे रोज विचारायच्या,
"साहेब, येवढी लाल झालीत. एखादं कापून तरी बघू?"
मी पाटीकडे बोट दाखवायचो.
त्या पाटीला नमस्कार करायच्या.
"आमचं दोन दिवसांत पाणी सोडतं,
भाव पडला की रस्त्यावर ओततो.
तुमचं चाळीस दिवस टिकतं, अन् तुम्ही जाळता."
याचं उत्तर होतं माझ्याकडे, चार पानी.
मराठीत नव्हतं.

जाळायच्या दिवशी
चिठ्ठ्या भरल्या दोन हजार तीनशे सोळा,
फळं दोन हजार तीनशे पंधरा.
पुन्हा मोजली. कॅरेट उलटे केले.
बायकांचे डबे उघडायला लावले
(याची मला अजून लाज वाटते) :
भाकरी, ठेचा, एकीत नातवाची चाक निघालेली गाडी.
झाड अठ्ठ्याऐंशी, फांदी तीन.
दोरा होता, चिठ्ठी होती.

कंपनीचे धारणकर गाडीतून उतरले नाहीत,
नुसती काच खाली केली.
"सडलं म्हणून लिहा. विषय संपला."
"सर, अर्जाच्या पहिल्याच ओळीत आहे,
ते सडत नाही."
काच वर गेली.

मग मी लिहिलं : एक फळ आढळले नाही.
चार शब्द. पुण्याला गेले, दिल्लीला गेले,
परतले तेव्हा पाठीवर सहा शिक्के
आणि शेजारी, खुलासा सादर करावा.
पुढच्या हंगामाची ना-हरकत अडली.
मी खुलाशात बुलबुल लिहिला, खोडला.
खार लिहिली, खोडली.
न पाहिलेलं लिहायचं नाही,
एवढी एकच गोष्ट मला नीट येते.

काढणीनंतर सहा महिने
आजूबाजूची आगंतुक रोपं शोधून उपटायची, हे शेवटचं कलम.
आगंतुक हा शब्द त्यांचाच.
दर बुधवारी जायचो.
एका बुधवारी अनुसयाबाईंच्या मोरीपाशी,
भांडी घासायच्या दगडामागे,
एक रोप. चार फुलं, दोन फळं, एक पिकायला आलेलं.
त्या काही बोलल्या नाहीत. हात पुसत राहिल्या,
पुसून झाल्यावरही.

मी पान खुडलं, नळीत ठेचलं, पट्टी बुडवली.
"एक रेघ का दोन?"
"दोन आल्या तर उपटावं लागेल."
"सुनेला दोन आल्या तेव्हा आम्ही पेढे वाटले होते."
पाच मिनिटं.
कोंबडी पायात येऊन गेली.
एकच आली.

त्यांनी ते पिकलेलं तोडलं, दाताने फोडलं,
अर्धं मीठ लावून माझ्या हातावर ठेवलं.
आंबट. आतून कोमट, उन्हाचं.
मी उभ्यानेच खाल्लं.
बिया अंगठ्याला चिकटल्या, त्या मात्र
सवयीने मोजल्या.

मुदत संपली. पाटी काढली, वीस गुंठ्यांत आता मेथी आहे.
फाईल अजून एका फळाने कमी.
आज एकशे नव्वदावा दिवस.
जिथे कुठे असेल तिथे
अजून ताठ असेल का,
हे मी खात्याला विचारलेलं नाही.