एकतीस मिनिटं

निरंजनपूर ते भंवरकुआं : एकतीस मिनिटं.
हा आकडा माझ्या टेबलावर आला तेव्हाच जुना होता.
कुणी मोजला, कधी मोजला, कुणाला आठवत नव्हतं;
पण दर सोमवारी त्याच्याशेजारी
डेपोतल्या सगळ्या गाड्यांना उंची मोजायला उभं करायचं,
हे माझं काम.
पोचली ती हिरवी,
राहिली ती तांबडी.

मागच्या महिन्यात दिल्लीहून कुलश्रेष्ठ आले.
पोह्यांवर शेव दोनदा मागून घेतली
आणि पडद्यावर नऊ शहरं ओळीनं लावली.
आपण पाचवे.
स्वच्छतेत पहिलं येण्याची सवय लागलेल्या गावाला
पाचवा नंबर म्हणजे
घरात कुणीतरी नापास झालेलं.
साहेबांनी चहा तसाच ठेवला.

मग तांबड्यांची यादी निघाली.
सगळ्यात वर गेंदालाल सोलंकी, गाडी नंबर चौदा,
सरासरी त्रेचाळीस, सलग तीन महिने.

बोलावलं.
खुर्ची दिली तरी कडेवरच टेकला,
हँडब्रेक न ओढलेल्या गाडीत बसावं तसा.
मी तक्ता फिरवून त्याच्यापुढे धरला.
त्यानं एकतीसवर बोट ठेवलं, नखात ग्रीस,
आणि ओळखीचं माणूस भेटल्यासारखा हसला.
"हे तर माझंच आहे, बाईसाब."

लेन सुरू व्हायच्या आधीची गोष्ट.
पहाटेचे साडेपाच, सिग्नल नुसते पिवळे लुकलुकणारे,
मागे घड्याळ धरून एक इंजिनियर,
आणि सीटांवर माणसांऐवजी वाळूची पोती,
पासष्ट-पासष्ट किलोची.
"पोती काही विचारत नाहीत, बाईसाब.
पलासियाला एक उतरलं नाही,
गीता भवनला एक चढलं नाही.
एमवायला निघालेलं,
प्लास्टरमधला पाय आधी बाहेर काढणारं
एकही पोतं नव्हतं."
तक्रार नव्हती त्याच्या आवाजात. उलट
थोडी ऐटच होती :
"पण चालवली चांगली. एक पोतं कलंडलं नाही."

घरी बाबांना सांगितलं.
बाबा मिलमध्ये होते, विणाईखात्यात.
मागाच्या मागे स्टॉपवॉचवाला येऊन उभा राहिला की
जुने लोक धागा दोनदा तुटू द्यायचे,
गाठ सावकाश मारायचे,
तपकीर काढायचे.
एक पोरगा नवा होता. त्यानं जीव तोडून माग चालवला,
शाबासकी मिळाली, पेन मिळालं.
महिनाभरात त्याचा तो एक दिवस
अख्ख्या खात्याचा रोजचा दिवस झाला.
कुणी मारलं नाही त्याला.
जेवणाच्या सुट्टीत फक्त पाठी फिरल्या.

त्या पोराचं नाव बाबांनी कधी सांगितलं नाही.
मिल बंद होऊन तीस वर्षं उलटली,
परदेशीपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांत
टीव्ही समोर, सून समोर, नातू समोर,
तरी ते भिंतीकडे तोंड करून जेवतात.

सोमवारी मी चौदा नंबरात बसले.
आरशात गेंदालालनं पाहिलं, न पाहिल्यासारखं केलं.
नवलख्याच्या अलीकडे एक बाई पिशवीतला कुकर सावरत
पायरीवर अडकली,
आणि माझी नजर घड्याळाकडे गेली.
गेली, हे खरं.
चव्वेचाळीस मिनिटं लागली.

अहवालाच्या नमुन्यात शेऱ्याचा रकाना अरुंद असतो,
एका शब्दापुरता. भाषा हिंदी.
चौदा नंबरासमोर
बऱ्याच विचारानंतर मी लिहिलं : बालू.

छापून आलेल्या प्रतीत पान सोळा,
रंग तांबडाच.
दिल्लीत कुणीतरी बारीक नजरेनं
माझी चूक सुधारली होती :
चालू.