चार हजार एकशे बारावं पाऊल

बँगरला, गुरुवारी रात्री साडेअकराला,
मी गेथिनचं कुलूप उघडलं.
उघडलं म्हणजे फोडलं वगैरे नाही.
नुसती वाट पाहत बसले.

त्याची रीत सोपी.
शून्य आणि एकच्या मधली एक संख्या घ्यायची, ती किल्ली.
एकातून ती वजा करायची,
उरेल त्याला तिनेच गुणायचं,
मग तीन पूर्णांक नव्याण्णव शतांशाने.
येईल तिला पुन्हा तेच. पुन्हा तेच.
दहाव्या दशांशात एका आकड्याचा फरक केला
तर चाळीस पावलांत दोन वाटा
एकमेकींना ओळखही देत नाहीत.

"यात कुणाला काय सापडणार?" तो म्हणाला होता,
आणि मेनायचं पाणी त्यानं साक्षीला आणलं.
त्याचा बोया तिथेच तरंगणार, भरती मोजत, गुपचूप कळवत.
भरती तिथे दोन्ही तोंडांनी शिरते, वेगवेगळ्या वेळी,
दोन पुलांच्या मध्ये भोवरे उठतात, विरतात,
कालचा भोवरा आज विचारू नये.
शिंपल्यांची बोट चालवणारा त्याचा चुलता ह्यू
पाणी थांबतं त्या वीस मिनिटांतच
पलीकडे जातो.

पाण्याचे दशांश संपत नाहीत, गेथिन.
तुझ्या चिपचे संपतात.
सातव्या घरापुढचं शेपूट ती छाटते,
मुकाट्यानं,
सुटे नाहीत म्हणून वाण्यानं आठ आणे सोडावेत तशी.
मग एवढ्या मोठ्या रानात
पाऊल ठेवायला जागा मोजक्याच उरतात,
आणि चालणारा कधीतरी
आपल्याच खुणेवर पाय देतो.
तिथून पुढे रान नाही. घाण्याचा बैल.

चार हजार एकशे बारा पावलांनी
तीच संख्या आली.
मी चहा टाकला. परत येऊन बसले.
पुन्हा आली.

हे मी आधी पाहिलंय.
सावंतवाडीला. मी नऊची, माणिक सात.
आमची चची भाषा:
पहिलं अक्षर शेवटी, पुढे च.
चलाम. चणीपा. चठेकु.
इतकं भरभर बोलायचो
की सगळं जग दाराबाहेर उभं आहेसं वाटायचं.
आई पाठमोरी, पोळ्या लाटत.
चौथ्या दिवशी, लाटणं न थांबवता, म्हणाली:
"चठेकु चघालातनि?"

कसं कळलं विचारलं तर म्हणे,
"अगं, प्रत्येक शब्द एकाच दारानं आत येत होता."

खाली तळघरात दोन लेसर आहेत,
एकाच कारखान्यातले, एकाच दिवशीचे, दोघंही बेभान.
एकाचा थोडासा उजेड दुसऱ्यात सोडला
की दोघं एकसारखे बेभान होतात.
मग कल्लोळातून कल्लोळ वजा करायचा.
उरतो तो निरोप.
हे चालतं. रोज चालत नाही,
खोली दोन अंशांनी तापली तरी बिनसतं.

रविवारी माणिकचा फोन येतो.
पंखा, कुकर, शेजारचा टीव्ही, आणि तिची बडबड:
रिक्षावाले, आंब्यांचे भाव, जावयाची नवी गाडी.
सगळं ठीक, म्हणते.
मी तिच्यातून तिलाच वजा करते
आणि उरतं ते ऐकते.
गेल्या रविवारी बरंच उरलं.
विचारलं नाही.

गेथिनला मात्र सांगावं लागेल.
तीन वर्षं आहेत त्याची यात, आणि एक शिष्यवृत्ती.
म्हणेल, मग दशांशाची घरं दुप्पट करतो.
कर. मी पुन्हा वाट पाहीन,
चहा करीन, बसेन.
वाट पाहण्याचाच पगार घेते मी.

पण त्याआधी एकदा चुलत्याकडे जा.
पाणी काय करणार हे त्याला कळत नाही,
तोच सांगतो, हसून.
त्याला विचार,
ती वीस मिनिटं कशी कळतात.