दगडावर धार पुढं

पवनीच्या बाजारात, भंगाराच्या ढिगात,
दरवाज्याच्या कड्या, बिनतोटीचा नळ,
आणि त्यांच्याखाली वस्तरा.
चाळीस सांगितले, तिसात दिला.
पात्यावर तिळाएवढे गंजाचे ठिपके, एका जागी जरा खोल.
मूठ शिंगाची, हललेली.

एकतीस वर्षं मी एसटीत तिकिटं दिली.
हाताला सवय पंचाची :
दाबायचं, भोक पडतं.
रिटायर झालेल्या माणसाला खूळ लागतंच, म्हणते बायको.
वस्तरा रुमालात गुंडाळून लटारीकडे गेलो.

दुकान आता त्याच्या पोराचं. फिरती खुर्ची,
ब्लेड अर्धी मोडून बसवायची, गिऱ्हाईक उठलं की डब्यात.
लटारी बाहेर, कडुलिंबाखालच्या बाकावर.
हात बंडीच्या खिशात. भर वैशाखात.

"उघड," म्हणाला. "उन्हात धर. धारेकडून पाह्य. चमकते का?"
चमकते.
"मंग बोथट आहे. धार दिसत नाही गा.
दिसली, त ते धार नोहे."

सुनेनं आतून पथरी आणली, ओल्या फडक्यातली,
मधे खोलगट झालेली.
आधी तीच सपाट करायला लावली,
ओट्यावर वाळू-पाणी टाकून, दोन दिवस.
"दगड वाकडा त वस्तरा वाकडा,
वस्तरा वाकडा त गिऱ्हाईक वाकडं."

मग पातं निजवायचं, पाठ अन् धार दोन्ही टेकवून.
दगडावर धार पुढं, चामोटीवर पाठ पुढं.
पालटायचं ते पाठीवरून, धारेवरून कधीच नाही,
"झोपल्या लेकराची कूस बदलवते तसं."
आणि दाबायचं नाही.
मी दाबत होतो.
"तिकीट नोहे ते, बापा."

फेऱ्या मोजल्या मी थांब्यांसारख्या :
कोंढा, अड्याळ, पहेला, भंडारा,
आणि रिकामी गाडी परत.

नवव्या दिवशी धार आली. दहाव्या दिवशी गेली.
हावेपायी जास्त घासलं, काठाला तार सुटली,
नखावर अडखळणारी.
"पोट भरल्यावर वाढू नोको," एवढंच बोलला.
पुन्हा पहिल्यापासून.

चामोटी खुंटीला, ताणून;
सैल सोडली की धार गोल होते, हेही चुकूनच कळलं.
मग एका सकाळी मनगटावरचा केस
पात्याला लागला, आणि नव्हता.

"लाव साबण," लटारी म्हणाला.
कोणाला?
त्यानं खिशातून हात काढले.
उन्हात दोन्ही पंजे थडथडत होते,
चालत्या गाडीच्या शेवटच्या खिडकीच्या काचेसारखे.
"साठ वर्सं माही मीच केली. पोराची ते ब्लेड नोको मले."

गावात कोणाची हनुवटी दुभंगलेली, कोणाला कुठे मस,
सगळं त्याला पाठ.
त्याच्या गालाला मात्र दुसऱ्याचा हात ठाऊक नव्हता.

मी कातडी ताणली.
पाठ गालापासून दोन पाठींएवढी उचलली.
हात पहिल्यांदाच दाबायला विसरला.
विळा धानात शिरावा तसा आवाज,
पण फार लांबच्या बांधीतला.
दोनदा थांबलो :
एकदा कुत्रं भुंकलं म्हणून,
एकदा त्यानं डोळे मिटले म्हणून.

रक्ताचा एक थेंब, कानाच्या पाळीखाली. तुरटी.
उलट्या बोटांनी त्यानं गाल चाचपला,
बोटं थरथरत जबड्याच्या कोपऱ्याशी आली.
"इथं राह्यलं."
मी वस्तरा पुन्हा उचलला.
"आज नाही. बुधवारी ये.
आंधी तो पूस. तेलाचं बोट फिरव.
अन् ओला मिटू नोको."

कोनाड्यात ठेवलाय, उघडाच.
बायको म्हणते, कोणाला लागेल.
आज सोमवार.