कंटिन्युइटी

माझ्या फोनमध्ये चेहरे कमी, डोक्यांच्या मागच्या बाजू जास्त.
सीन बेचाळीस, टेक तीन, डावीकडची बट कानाच्या आत.
जेवणाआधी होती तशीच जेवणानंतर हवी,
या मंगळवारी होती तशीच पुढच्या महिन्यातल्या सोमवारी.
याला कंटिन्युइटी म्हणतात.
याचेच पैसे मिळतात मला.

कॉलशीटवर मी गॅरी.
पंचवटीत, गोरख निवृत्ती बिडवे.

कॉलेज रोडच्या सलूनमध्ये वर्षभर झाडू मारला,
मग टॉवेल, मग शाम्पूचं बेसिन.
तिथे कळलं, डोकी बोटांच्या लक्षात राहतात.
गंगापूर धरणाकडे द्राक्षमळ्यांत लग्नं व्हायला लागली,
तेव्हा फेटा उतरल्यावरही नवरदेव नवरदेव दिसावा
एवढंच माझं काम होतं.
इगतपुरीला जाहिरातीचं शूटिंग आलं,
त्यांचा माणूस घाटात अडकला,
कुणीतरी ओरडलं, हात चालणारा आहे का कुणी?
मी होतो.

बाकी सगळं त्या दुपारनंतरचं.
व्हॅनिटी, विमानं, सरांचं घर, मला चावलेला सरांचा कुत्रा,
टाळूवरची विरळ जागा, जी मला आणि वहिनींनाच माहीत,
आणि उजव्या कानामागे, केसांखाली, एक आडवा व्रण,
लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याचा.
सहा वर्षं माझा अंगठा त्याला वळसा घालून जातो.

दादा मात्र रामकुंडावरच.
धोकटीत वस्तरा, तुरटी, पितळी वाटी, नराणी
आणि तळहाताएवढा आरसा, पारा उडालेला.
तिथे बसणारा कुणी आरसा मागत नाही.
मी विमानाचं तिकीट दाखवलं तेव्हा म्हणाले,
"तुला केस ठेवायचे पैसे मिळतात होय?
आम्हाला उतरवायचे."
विनोद नव्हता तो.

सरांचे वडील कार्तिकात गेले.
अस्थी घेऊन पहाटे पाचला आले गोदेवर,
तोंडाला मास्क, डोक्याला टोपी, मागे दोन बाउन्सर.
शाम्पूचा करार मार्चपर्यंत होता.
एक बट कापू, मॅनेजर म्हणाला, गुरुजींना चालतं, विचारलंय मी.
सर पायरीवर बसले. टोपी काढली.
म्हणाले, सगळे.
आणि माझ्याकडे बघितलं.

माझ्या बॅगेत अकरा कंगवे होते.
वस्तरा नव्हता.

दादांनी ओळखलं नाही त्यांना.
फक्त विचारलं, "शेंडी ठेवायची?"
मग मला, "मान धर."

वस्तरा कपाळावरून मागे निघाला.
रंग, केराटिन, माझे सहा वर्षांचे शुक्रवार
ओले होऊन पायरीवर पडत गेले.
कानामागे आला तेव्हा मी तोंड उघडणार
तेवढ्यात दादांनी तो उचलला, बाजरीच्या दाण्याएवढा,
आणि व्रणाच्या पलीकडे टेकवला.
बघत होते ते पाण्याकडे.

"आरसा?" सरांनी सवयीने हात पुढे केला.
"आज कशाला," दादा म्हणाले.
पाचशेच्या नोटेतले साडेतीनशे परत दिले, दोनदा मोजून.

मॅनेजर माझ्या कानाशी लागला,
केस गोळा कर, विगला शेड जुळवावी लागेल,
गुरुवारी बेचाळीसचा उरलेला अर्धा सीन.
मी वाकलो.
दादा काही बोलले नाहीत,
नुसता धोकटीचा बंद आवळत राहिले, गरजेपेक्षा जास्त वेळ.
मी तसाच उठलो. शेड मला पाठ आहे.

विग झाला.
कुठल्या तरी लांबच्या देवळात
कुणी तरी फेडलेल्या नवसाचे केस.
पडद्यावर कुणाला कळणार नाही.

त्या रात्री जेवणं झाल्यावर दादा म्हणाले,
"मानेवर वाढलेत तुझे. बस."
मी पाट घेतला. विचारलं, कसे कापणार?
"होते तसे."
कधी होते, ते काही सांगितलं नाही.