चावीवाला

एकतीस वर्षं मी पाणी सोडलं.
उत्तरेश्वर, शुक्रवार, मग नदीकडच्या गल्ल्या.
पहाटे चारला रस्त्यातलं झाकण उचलायचं,
खांद्यावरची लांब चावी आत घालायची
आणि दांड्याला कान लावायचा.
पाणी आलं की लोखंड आधी सांगतं.

परवा मुळीक डॉक्टरीणबाईंनी कागदावर गाठ काढली,
आत रेघोट्या मारल्या, वाकड्या,
कुठनं तरी निघून कुठंच न पोचणाऱ्या.
म्हणाल्या, गाठीनं घाईघाईत घातलेल्या रक्तवाहिन्या या,
पाझरतात, दबतात, औषध आत जात नाही.
म्हटलं, बाई, ही लाइन मला दाखवू नका.
नकाशा नाही, उतार नाही, जोडाला सुतळी,
प्रेशर सगळं चिखलात.
तोडून टाका कनेक्शन. थकबाकीदार आहे ती.

त्या हसल्या नाहीत.
म्हणाल्या, उलटं करायचंय.
चाला. दम लागावा, पण बोलता यावं, इतकं.
पळणाऱ्या उंदरांच्या गाठीत
वाहिन्या जरा सरळ झालेल्या दिसल्यात,
रक्त आत शिरलं, त्याच्या मागनं औषध.
माणसांचं अजून तपासतायत.

म्हणजे वैऱ्याच्या घरी
आपणच धड नळ टाकून द्यायचा.

म्हणून रंकाळा.
केमोनंतर तिसऱ्या दिवशी तोंडाला पत्र्याची चव,
पाय कुणाचे तरी उसने आणलेले.
संध्यामठापर्यंत जायचं, कठड्यावर टेकायचं, परत.
शहानूर, माझा जुना हेल्पर, संगं येतो
आणि मुद्दाम बोलत राहतो,
मला उत्तर देता येतंय का बघायला.
"तात्या, उंदीर किती पळला असंल?"
"तुझ्यापेक्षा... जास्त."
"दोन शब्दांत श्वास घेतलासा. हळू."

त्याला आठवतंय का माहीत नाही.
एकदा साहेबाच्या सहीनं आम्ही एक नळ तोडला होता,
बाळंतीण होती घरात.
रात्री दोघांनी जाऊन जोडला,
बॅटरी त्याच्या दातांत, पाना माझ्या हातात.
रजिस्टरला नोंद नाही.

आज पहिल्यांदा अख्खी फेरी झाली.
घरी आलो, शर्ट काढला,
मनगट कानाला लावून बसलो बराच वेळ.
धडधड होती. तेवढंच.
आत कुठली गल्ली भिजली, कुठली कोरडी,
हाड काही बोलत नाही.

स्कॅन बावीस तारखेला.
शहानूर म्हणतो, उद्या पाचला येतो.
चारला ये म्हटलं.
सवय आहे.