पहाटे साडेतीनचं पाणी

बाबांच्या उजव्या डोळ्यात गेल्या मंगळवारी
काळं जाळं उतरलं.
विटाव्याच्या खाडीत फेकतात तसलंच,
फक्त ओढून घेता येईना.
बराच वेळ ते भिंतीवरची माशी हाकलत राहिले.
माशी आत होती.

एकतीस वर्षं पालिकेची चावी फिरवली त्यांनी
कळव्यापासून खारेगावापर्यंत.
छातीएवढी लोखंडी चावी, रस्त्यात झाकण,
झाकणाखाली व्हॉल्व्ह.
साडेतीनला उघडायचा, पाचला बंद.
कुठल्या गल्लीला किती आटे
हे कुठल्याच कागदावर नव्हतं,
काथोड मढवीच्या मनगटात होतं.
साखर मात्र त्यांनी कधी मोजली नाही.

मी महापेला उंदरांची पिल्लं सांभाळते.
सातव्या दिवसापासून बाराव्यापर्यंत
भरपूर प्राणवायूत ठेवायची,
मग साध्या हवेत आणायची.
आपली ही हवा त्यांना अपुरी पडते.
सतराव्या दिवशी डोळ्याचा पडदा सोडवून
मोहरीच्या फुलासारख्या चार पाकळ्या करते,
काचेवर पसरते, रंगवते, मोजते:
उपाशी जागेच्या कडेला उठलेले झुबके,
घाईत फुटलेल्या रक्तवाहिन्या,
कच्च्या भिंतींच्या, झिरपणाऱ्या.

हे घरी सांगितलं तर म्हणाले,
‘यात शिकन्यासारका काय हाय?
पानी नाय पोचला का वस्ती सोताच पाईप जोरते.
रातचे, अंधारात,
सायकलची ट्यूब गुंडालून.
गलनारच तो.’

कोपरीच्या डॉक्टर नाखवांनी लेझर सांगितलं.
कडेचा पडदा थोडा थोडा जाळायचा,
म्हणजे मधली नजर वाचते.
बाबा खुर्चीतच हसले,
‘म्हंजे बाजूची वस्ती तोरायची
आन् मदला बंगला ठेवायचा.’
डॉक्टरीणबाईंना कळलं नाही.
मला कळलं, आणि मी सही केली.

त्या रात्री डोळ्यावर पट्टी, झोप नाही,
तेव्हा मी त्यांना मायक्रो आरएनएचं सांगितलं.
जेमतेम बावीस अक्षरांची चिठ्ठी.
पेशीत निरोप फिरत असतो:
वाढा, फुटा, नवी नळी काढा.
ही चिठ्ठी त्या निरोपाला जाऊन चिकटते
आणि निरोप वाचलाच जात नाही.
सगळ्याच चिठ्ठ्या शहाण्या नसतात,
काही आवर घालणाराच निरोप दाबतात.
बिघडलेल्या पडद्यात कोण कमी, कोण जास्त,
त्याचाच हिशोब आम्ही अजून लावतोय.
डोळ्यात टोचण्यासारखं औषध हातात नाही.
हे शेवटचं दोनदा सांगावं लागलं,
कारण त्यांनी विचारलं होतं, ‘मना कवा देतील?’

मग, बऱ्याच वेळाने:
‘पन तो बारका बोलतं तरी काय?’
मी म्हटलं, पुरे. एवढंच.

मी तिसरीत असताना एकदा बाबांनी मला
रात्रीच्या कामावर नेलं होतं.
सळईचं एक टोक रस्त्याला टेकवून
दुसरं माझ्या कानाला लावलं.
खाली कुणीतरी सुईच्या नेढ्यातून
श्वास घेत होतं.
‘ही गलती,’ ते म्हणाले होते,
जणू कुणाची ओळख करून देत होते.

‘तान लागलेल्याला पुरे बोलून
कवा थांबलाय गो तो?’
पट्टीखालून बोलले.
‘त्याला बोल, पानी आला.’

आमच्या नोंदवहीत याला रकाना नाही.
मी शोधला.

साडेतीनला नळाने उचकी दिली,
आधी हवा, मग गढूळ, मग पाणी.
बाबांनी मान तिरकी केली,
उजवा हात चादरीवर हळूहळू फिरला
आणि अडला.
‘पोरानं दोन आटे कमी दिले,’ म्हणाले.
‘खारेगावच्या शेवटच्या घराला
आज नाय पोचनार.’