पंच्याऐंशी-पंधरा

विमा कंपनीचा हातानाका टेबलावर
दोन पेन्सिली ठेवून दाखवतो:
ही तुमची सायकल, ह्या त्या बाई.
मध्ये खोडरबर, म्हणजे मासळीचं दुकान.
गल्लीला फुटपाथ नाही, नुसती पांढरी रेषा,
आणि बाई रेषेच्या बाहेर एक पाऊल.
एका पावलाचे पंधरा टक्के.
उरलेले पंच्याऐंशी तुमचे, उराबे-सान,
कायद्याच्या लेखी सायकल म्हणजे वाहनच.

मी मान हलवते.
माझ्या लेखी चाळीस वर्षं
ती माझ्या पायांचीच लांबण होती.

मिठाईच्या कारखान्यातून रात्रपाळी करून येत होते.
हातांना लाल चवळीच्या सारणाचा वास,
मात्सुएच्या तळ्यावरून नुकतंच उठलेलं धुकं.
किल्ल्याच्या खंदकात एक बगळा उभा होता.
त्याच्याकडे पाहिलं मी.
किती वेळ? त्यासाठी फॉर्मवर रकाना नाही.

मग पोतं पडावं तसा आवाज,
आणि शिंपल्या.
अर्धा किलो जिवंत शिंपल्या रस्ताभर,
तोंडं घट्ट मिटून.
मी आधी त्याच गोळा करायला बसले.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
बाई आडव्या पडलेल्या
आणि मी शिंपल्या वेचतेय,
जणू हिशेब तिथेच जुळणार होता.

खुब्याचं हाड. तिसरा मजला, खिडकीजवळची खाट.
हातानाकाने बजावलं होतं:
भेटायला जा, वाका, डबा न्या,
फक्त “सगळी चूक माझी” एवढं म्हणू नका,
म्हटलेलं कागदावर येतं.
म्हणून मी नुसती वाकले,
पार वाकले, फरशीच्या सांध्यातली धूळ दिसेपर्यंत,
आणि ते वाक्य दातांमागे धरून ठेवलं.

तर त्याच म्हणाल्या,
“घंटी ऐकली होती मी.
दोनदा वाजवलीस. मीच हटले नाही.
म्हटलं कालची पोर, थांबेल की.”
बावन्न वर्षांची आहे मी.
त्यांचा मुलगा पलीकडे संत्रं सोलत होता.
त्याने हात पुसले, वही काढली,
तारीख घातली, लिहून घेतलं.
सरळ माणूस. स्वतःच कंपनीला कळवलं.

मंगळवारी हातानाकाचा फोन,
आवाजात सण: सत्तर-तीस झालं!
नवे कागद पाठवतोय, शिक्का तेवढा मारा.

माझ्या सायकलची घंटी
मागच्या हिवाळ्यात गंजून बसली.
दाबली तर खट् होतं.
खट्, बस्स.

मग इवाकुरा-साननी ऐकली कुणाची?
पेपरवाल्याची? एखाद्या जुन्या सकाळची,
कानात राहून गेलेली?
डाव्या कानाचं त्यांचं यंत्र
त्या दिवशी घरीच होतं म्हणे.
की काहीच ऐकलं नाही त्यांनी,
फक्त पाहिलं,
गाल डांबरावर टेकलेला, डोळे उघडे,
शिंपल्या वेचणारी एक बाई पाहिली
आणि तिथेच काही ठरवलं?

ही माफी असेल तर इतकी जड का?
शिक्षा असेल
तर जाताना माझ्या हातात संत्र्याच्या फोडी का दिल्या?

पंधरा टक्के म्हणजे माझे चार पगार.
हेही खरंच आहे.
बगळ्याचे टक्के कुणीच विचारले नाहीत.

काल पान्याने घंटी काढली.
हँडलवर तिच्या जागी एक उजळ वर्तुळ राहिलं,
अंगठी काढल्यावर बोटावर राहतं तसं.
आज कामावरून परस्पर इथे आले,
सायकल हाताने ढकलत, रेषेच्या आतून.
शिक्का पिशवीत आहे, घंटी खिशात.
वरून जेवणाच्या गाडीची खडखड येतेय,
म्हणजे मुलगा आला असेल, वहीसकट.

पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मध्ये
उभी आहे मी कठड्याला धरून.
एका पायरीचे किती धरता, हातानाका?